बारदाना वजा

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या घरात कुणी लपवत नाही. कबड्डीच्या मैदानाबाहेर मी अगदी साधी बाई आहे. दारव्ह्याच्या तहसील कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली, तेवढ्या काळात एकाही माणसावर आवाज चढवला नाही, निदान मला तरी आठवत नाही. पण पंचानं एखादीचा बोनसचा गुण खाल्ला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाली की आमचे हे रिमोट माझ्या हातात देतात, आपला पेपर उचलतात आणि मागच्या खोलीत जाऊन बसतात. जाता जाता म्हणतात, "त्या पंचाले तुझं ऐकू येत नाई, एवढं ध्यानात ठेव." ऐकू येत नाही म्हणून तर ओरडायचं!

टीव्हीवरच्या पंचांचं एक बरं असतं. चुकले तर कॅमेरा असतो, पुन्हा पाहतात, निर्णय फिरवतात. आमच्याकडे हिवाळ्यात, तुरी सोंगून झाल्या की गावोगावी स्पर्धा होतात, आणि तिथं कॅमेरा असतो तो फक्त अध्यक्षांचा फोटो काढायला. मैदान चुन्यानं आखलेलं. दुपारपर्यंत पायांनी घासून रेषा पुसट होतात आणि मग बोनसची रेषा नेमकी कुठं होती हे एकट्या पंचालाच दिसतं. पत्रिकेवर ठळक छापलेलं असतं, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' राहू द्या ना अंतिम, पण आधी बरोबर तर द्या! हे मी दरवर्षी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून मोठ्यानं म्हणते. लोकांनाही आता सवय झाली आहे. एखादा निर्णय चुकला की चार डोकी आधी माझ्याकडे वळतात, मगच आरडाओरडा सुरू होतो.

माझी टीम तांड्याची. दारव्ह्यापासून काळी-पिवळी जीपनं अर्ध्या तासावर बंजारा लोकांचा एक तांडा आहे. तिथली एक पोरगी जातीच्या दाखल्यासाठी माझ्या टेबलाशी आली होती, तेव्हा दहावीत असेल. कागद अपुरे होते, मी तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हटलं, शनिवारी ये. तर म्हणाली, "काकू, शनवारी नाई जमत. मॅच असते."

"कायची मॅच वं?"

"कबड्डी. मी चढाई करतो."

झालं! दाखला त्याच दिवशी निघाला असं मी म्हणणार नाही, पण त्या शनिवारी मी मैदानावर होते. ही पोरगी चढाईला निघायची ती दुकानातून मीठ आणायला निघाल्यासारखी, अगदी संथ. समोरच्या सातजणी हात पसरून तयार, आणि ही आपली चालत चालत आत. मग एकदम काय व्हायचं ते कळायचंच नाही. दोघींना हात लावून ती परत मध्यरेषेवर उभी, आणि त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिलेल्या. मी त्या दिवशी तिच्यासाठी एवढ्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची कोन होय?" मी म्हटलं, "माझी टीम होय."

गेल्या वर्षी आमच्याच गावच्या स्पर्धेत तिच्याशी जे झालं, ते मी विसरलेली नाही. स्पर्धा पंचावन्न किलो वजनगटाची. सकाळी काट्यावर समितीचा एक कार्यकर्ता बसला होता. पोरगी चढली आणि काटा पंचावन्न किलो तीनशे ग्रॅमवर थांबला. अंगात टी-शर्ट होता, ट्रॅकपँट होती, दोन्ही गुडघ्यांना जाड पट्टे होते. ती म्हणाली, "कपड्याईचं तरी धरा ना." समितीचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

हे अध्यक्ष म्हणजे बाजारातल्या बी-बियाण्याच्या दुकानाचे मालक, आणि गावच्या क्लबचेही सर्वेसर्वा. त्यांच्या क्लबच्या पोरी त्या दिवशी काट्यावर चढल्याच नाहीत. त्यांची वजनं म्हणे आदल्या दिवशी दुकानातच झाली होती. एक चिठ्ठी दाखवली, पंचांनी मान हलवली, संपलं. आमची पोरगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मैदानाबाहेर बसून राहिली आणि तिची टीम पहिल्याच सामन्यात एका गुणानं हरली. मी एवढी ओरडले की चार दिवस माझा घसा बसला. आमचे हे म्हणाले, त्या पंचाचा घरी बोलावून सत्कार केला पाहिजे.

यंदा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. एका क्रीडा वसतिगृहाच्या दोन बाया स्पर्धा बघायला येणार होत्या. राहणं, जेवण, कॉलेज आणि रोजचा सराव, सगळं त्या वसतिगृहात. पण त्या एकोणीस वर्षांच्या आतल्याच मुली घेतात आणि आमची पोरगी होळीनंतर एकोणीस पूर्ण करणार होती. म्हणजे जे काही व्हायचं ते याच स्पर्धेत. मैदानात उतरली तर त्यांना दिसेल, काट्यावरच अडकली तर विषय संपला.

स्पर्धेच्या आधी तिच्या आईचा मला फोन आला. तांड्यात आईला याडी म्हणतात, पोरीच्या तोंडून ऐकून मीही तिला याडीच म्हणते. ती बाई कधी फोन करत नाही. म्हणाली, "मॅडम, पोरगी जेवत नाई. अर्धी भाकर खाते अन् उठते. पंधरा दिस झाले. माह्यं ऐकत नाई, तुमी सांगून पाहा."

मी पोरीला फोन लावला. "काय वं, काहून जेवत नाई तू?"

"काकू, तीनशे ग्रॅम," ती म्हणाली. एवढंच.

फोन ठेवला आणि चपला घालून तडक अध्यक्षांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाही. म्हटलं, "यावर्षी तुमच्या क्लबच्या पोरी काट्यावर चढतीन की चिठ्ठीवर?" अध्यक्ष हसले. माणूस तसा गोड बोलतो. म्हणाले, "मॅडम, दरसाल तुम्ही बोंबलता. मंग असं करा ना, यंदा वजनकाट्यावर तुम्हीच बसा. तुम्ही लिहान ते फायनल. मंग तर झालं?"

त्यांना वाटलं मी मागे सरकेन. ओरडणाऱ्याला खुर्ची दिली की त्याचं तोंड बंद होतं, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, बसते. पण सगळ्यांचं वजन एकाच काट्यावर, मंडपासमोर, लोकांच्या देखत. आणि काटा तुमचा कार्यकर्ता वाचणार नाही, मी बाजारातला मापारी आणीन. त्यांनी गिऱ्हाइकासमोर हो म्हटलं, त्यामुळे त्यांना फिरता आलं नाही. घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता ओरडशील कोणावर? स्वतःवर?"

मापारी म्हणजे बाजार समितीत पोती मोजणारा माणूस. मी ज्यांना आणलं ते दादा चाळीस वर्षं सोयाबीन आणि तुरीची पोती मोजत आले. त्यांचं माप कुणी परत मोजत नाही, असा त्यांचा लौकिक. मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, आकडा मोठ्यानं सांगा, शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला आठ टीम रांगेत उभ्या. छातीवर 'अधिकारी' असा गुलाबी बिल्ला लावून मी टेबलाशी बसले, समोर वही. यजमान म्हणून गावच्या क्लबच्या पोरी पहिल्या. एक बारकीशी पोरगी काट्यावर चढली आणि दादांनी खणखणीत आवाज लावला, "लाभ!"

बाजारात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लोक हसले. दादांचं लक्षच नव्हतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "एकोणपन्नास चारशे, बारदाना पाचशे वजा, अठ्ठेचाळीस नऊशे!"

बारदाना म्हणजे रिकामं पोतं. माल पोत्यासकट तोलतात, मग पोत्याचं वजन कापतात, तेव्हा मालाचं खरं वजन निघतं. चाळीस वर्षांची जीभ ती, आपसूक वळली. सगळा मंडप खो खो हसत सुटला. काट्यावरची पोरगी लाजून तोंड झाकून उभी. मी म्हटलं, "दादा, अहो पोती नाईत ती, पोरी हायत!" दादांनी जीभ चावली, कान धरले. मी वहीत एकोणपन्नास चारशे लिहिलं. पुढच्या पोरींना त्यांनी नुसतेच आकडे सांगितले.

पाचवी आली ती क्लबची डाव्या कोपऱ्यातली पकड करणारी. आमच्या भागात कबड्डी बघणारा प्रत्येक माणूस या मुलीला ओळखतो. बावीस-तेवीस वर्षांची, मनगटं अशी की एकदा घोटा धरला की सुटका नाही. आमच्या पोरीला आजवर सगळ्यात जास्त वेळा हिनंच लोळवलं आहे. ती काट्यावर उभी राहिली. दादांनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी आवाज हळू झाला. "पंचावन तीनशे."

पंचावन्न तीनशे! तोच आकडा, ग्रॅमचाही फरक नाही. मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, अंगातून गार वारं गेल्यासारखं झालं. वर्षभर जे मनात उकळत होतं ते देवानं आयतं ताटात वाढलं होतं. हिला काढली की क्लबचा डावा कोपरा मोकळा, आमच्या पोरीला रान मोकळं, वसतिगृहाच्या बाया बघतच राहतील.

अध्यक्ष टेबलाशी आले. वाकून, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तीनशे ग्रॅमचं काय घेऊन बसल्या? कपडेच असतीन तेवढे."

मी मान वर केली आणि म्हटलं, "नियम म्हणजे नियम." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

अध्यक्षांचा चेहरा पडला. ती मुलगी काट्यावरून उतरली नाही. तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि खाली आकड्याकडे बघत उभी राहिली. गर्दीतून क्लबचा कुणीतरी ओरडला, "मंग बारदाना कापा ना!" पुन्हा हशा झाला. मी वहीत तिच्यापुढे रेघ मारायला पेन टेकवलं.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "काकू, थांबा!"

आमची पोरगी. तांड्याची टीम शेवटून दुसरी होती, तिची पाळी यायला बराच वेळ होता. ती रांग सोडून पुढं आली. ओठ कोरडे, गाल बसलेले, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही हे तोंडावरच दिसत होतं. त्या दुसरीला म्हणाली, "उतर वं जराशी." आणि स्वतः काट्यावर चढली. टी-शर्ट, ट्रॅकपँट, गुडघ्याचे पट्टे, सगळ्यासकट.

दादांनी वाचलं, "चोपन आठशे!"

"पाह्यलं का सगळ्याईनं?" ती लोकांकडे वळून म्हणाली. "मले नाई लागत बारदाना. पोटातून कापून आनला मी." मग माझ्याकडे वळली. "आता तिचा कापा."

मला राग आला. अगं बये, तुझ्यासाठीच तर करून राह्यलो मी हे सगळं, असं ओठांवर आलं होतं. ती टेबलाजवळ आली आणि वहीवर हात ठेवून म्हणाली, "काकू, मागच्या साली कपड्याईचं धराले पायजे होतं का नाई?"

"पायजे होतं."

"मंग?"

मंग काय! तीस वर्षं दाखले तपासले, नियमाला पळवाट कुठं असते ते मला पाठ आहे, पण या एका शब्दाला पळवाट नव्हती. गेल्या वर्षी नियम खोटा होता म्हणून मी चार दिवस घसा फोडला. यंदा तोच खोटा नियम माझ्या हातात आला तर मला तो खरा वाटायला लागला. पंच कसे चुकतात हे मी आयुष्यभर बाहेरून पाहिलं होतं. आतून पाहायला मला एक सकाळही लागली नाही. मला स्वतःची अशी लाज वाटली की बिल्ला काढून घरी जावं.

पण गेले नाही. मी दादांना म्हटलं, "दादा, मघाशी बारदाना अंदाजे कापला तुम्ही?"

"अंदाजे नाई मॅडम, सवयीनं," ते म्हणाले.

"मंग आता मोजून कापा." क्लबच्या पोरींकडून एक जादा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि पट्ट्यांची जोडी मागवली. घडी करून काट्यावर ठेवली. दादांनी चष्मा पुसून, वाकून आकडा पाहिला आणि आवाज दिला, "बारदाना पाचशे चाळीस!" या वेळी कुणी हसलं नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलं, 'कपड्यांचे अर्धा किलो प्रत्येकीला वजा,' आणि खाली अध्यक्षांची सही घेतली. त्यांनी निमूट केली. डाव्या कोपऱ्यातली ती मुलगी चोपन्न आठशेवर पास झाली. पुढं आणखी दोन गावांच्या दोन पोरी त्या अर्ध्या किलोनं आत आल्या. त्यातल्या एकीच्या बापानं लांबूनच मला हात जोडले. मी मान खाली घालून वही लिहीत राहिले, कारण ते हात माझ्यासाठी नव्हते.

आमच्या पोरीनं तेवढ्यात मंडपामागं जाऊन याडीच्या हातचं लोटीभर पाणी एका दमात संपवलं.

तांड्याची टीम दोन सामने जिंकली, क्लबही जिंकला, आणि दुपारी फायनलला दोन्ही टीम समोरासमोर आल्या. वसतिगृहाच्या त्या दोन बाया छत्रीखाली वही घेऊन बसल्या होत्या. मला अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, आज तुम्ही अधिकारी आहात. अधिकारी ओरडत नाई." मी पहिला अर्धा सामना ओढणीचं टोक तोंडात धरून काढला. ती शिक्षा मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही!

आणि त्या डाव्या कोपऱ्यानं आमच्या पोरीचं काय केलं म्हणता! पहिल्याच चढाईत घोटा धरला, आडवी. तिसऱ्यांदा गेली, परत आडवी. मी मनात म्हणत होते, घे, आणखी काप बारदाना. मध्यंतराला तांडा पाच गुणांनी मागं होता. उत्तरार्धात पोरीनं चाल बदलली. ती कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहायची, जणू तिकडं कुणी नाहीच, आणि ती मुलगी झेपावली की हिचा पाय जागेवर नसायचा. एकदा सुटली. मग पुन्हा पकडली गेली. मग परत सुटली. सारं मैदान आता त्या दोघींकडेच बघत होतं, बाकीच्या बारा जणी कुणाला दिसतच नव्हत्या.

अशात पंचानं पोरीचा एक बोनस खाल्ला. पाय रेषेच्या पार पलीकडे होता, मी देवाशप्पथ सांगते! चार डोकी सवयीनं माझ्याकडे वळली. मी बिल्ला काढला, पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि उभी राहिले. "ओ पंच! डोये उघडा! रेष कुठी हाय, पाय कुठी हाय!" पंच माझ्याकडे वळला, शिट्टी खाली घेतली, रेषेपाशी जाऊन वाकून मातीतला ठसा पाहिला. आणि हात वर करून बोनस दिला! वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या ओरडण्यावर वाकून पाहिलं होतं. मी मटकन खुर्चीत बसले. यावर पुढं काय करायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

शेवटची चढाई उरली तेव्हा तांडा तीन गुणांनी मागं. पोरगी गेली, तशीच संथ. एकीला हात लावला आणि वळली, तेवढ्यात डाव्या कोपऱ्यानं कमरेला मिठी मारली. दोघी पडल्या. पडल्या, पण पोरगी थांबली नाही. त्या मुलीला अंगावर घेऊन ती कोपरांवर सरकत राहिली, माती तोंडात, केस सुटलेले, आणि तिच्या बोटांची टोकं मध्यरेषेला लागली. पंच तिथंच होता. दोन गुण.

तीनमधून दोन गेले, एक राहिला. आम्ही हरलो.

तांड्याची माणसं उठली. याडी पदरानं डोळे पुसत होती. दोघी पोरी मात्र मातीतच पडल्या होत्या, धापा टाकत. मग क्लबच्या त्या मोठीनं हिला हात देऊन उठवलं आणि डोक्यावर एक टपली मारली. माझा जीव मात्र छत्रीकडे लागला होता. हरलेल्या टीमची पोरगी कोण घेतं?

छत्रीखालच्या त्या दोन बायांमधली मोठी उठून आली. पोरीला म्हणाली, "सकाळपासून आठ टीमच्या चढाया पाहिल्या. सगळ्या सोप्या गुणांच्या. तू आधीचे दोन सामने जिंकलीस, त्यात मी तुझं नाव लिहिलं नव्हतं. समोर ही डाव्या कोपऱ्यातली होती म्हणून तू काय आहेस ते कळलं." मग वहीत बघत विचारलं, "वजन किती तुझं?"

पोरगी अंग चोरून उभी राहिली. "चोपन आठशे. कपड्याईसकट."

"कमी आहे," बाई म्हणाली. "आमच्याकडे चढाई करणाऱ्या मुली साठच्या पुढं असतात. खात नाहीस का? पुढच्या महिन्यात येशील तेव्हा दोन-तीन किलो वाढवून ये."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला नीट ऐकू आलं की नाही याची खात्री नव्हती. याडी मागून मला कोपर लावत होती, "काय म्हनते? काय म्हनते थे?"

"जेवाले सांगते," मी म्हटलं. "तिले घेतलं, अन् जेवाले सांगते." आणि मग मला रडूच आलं, चारचौघांत, भर मैदानात.

जीप यायला वेळ होता. स्टँडसमोरच्या गाडीवर आम्ही तर्री-पोहे सांगितले. पोरगी खात होती ते बघवत नव्हतं, असं खात होती. तिसरी प्लेट समोर आली तेव्हा मला राहवलं नाही. सकाळपासून मनात असलेलं मी बोलून टाकलं.

"पोरी, सकाळी मी तिले खरंच काढनार होतो. रेघ माराले पेन टेकवला होता. तू बोलली नसती तर आज कोनाच्या वहीत तुह्यं नाव नसतं. माह्याच हातानं गेलं असतं."

तिनं तोंडातला घास संपवला. हसली, आणि अगदी सहज म्हणाली, "माहीत हाय काकू. तुमचं तोंड पाहूनच तर मी पयत आली."

मग तिनं प्लेट पुढं केली आणि गाडीवाल्याला म्हणाली, "भाऊ, तर्री टाका आनखी."